तांदळाच्या वीस दाण्यांएवढी गरी, आणि आपल्या घरातलं शिसं



बंदी सुरू आहे. १ जून ते ३१ जुलै, पुरे ६१ दिवस. ट्रॉलर जेटीला बांधलेत, होड्या माडाखाली झाकून ठेवल्यात आणि जाळी पडवीत पसरलीत. या दिवसांत आम्ही पेजवर बहुतेक इंजिनाबद्दल नाहीतर जाळ्यांबद्दल लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आधी पोराटोरांचा खेळ वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. विषय फिरून आपल्याच घराच्या मागच्या दारी येतो.

गेल्या बंदीत आमच्यातल्या एका काकांचा पुतण्या मिशिगनहून सुट्टीला आला. येताना त्यानं काकांसाठी चपटी डबी आणली. उघडून बघतो तर आत दहा-बारा रंगीत गऱ्या. एकेक गरी करंगळीच्या नखाएवढी. डोक्याला पिवळा नाहीतर गुलाबी मणी, अंगाला लोकरीसारखं काहीतरी गुंडाळलेलं, आणि मागे पिसांची बारीक शेपटी.

काकांनी चष्मा चढवला, एक गरी तळहातावर घेतली आणि म्हणाले, "अरे बाबा, हिला लागणार काय? डास?"

सगळे हसलो. पुतण्या म्हणाला, "काका, तिकडे लाखो लोक याच गरीवर घरचं जेवण काढतात. गंमत तिच्या वजनात आहे. वजन नसण्यात म्हणा."

ते वाक्य आम्ही धरून ठेवलं आणि बंदीचे दोन महिने ती गरी बांधायला शिकलो. शिकताना एक मोठी चूकही केली. दोन्ही गोष्टी आज सांगतो.

तव्यात मावणारा मासा

या गरीला तिकडे जिग म्हणतात. दर्यातल्या मोठ्या माशांसाठी शंभर-दोनशे ग्रॅमचे लोखंडी जिग असतात, ते आपल्यातल्या काहींनी पाहिलेत. हे मात्र त्या जातीतलं सगळ्यात धाकटं भावंड. ते वापरतात पॅनफिशसाठी. पॅन म्हणजे आपला तवा. अख्खा तव्यात मावतो तो पॅनफिश. ही एक जात नव्हे, तळ्यांतल्या अनेक लहान माशांचं मिळून हे नाव आहे.

त्यांतला सगळ्यांच्या ओळखीचा मासा ब्लूगिल. तळहाताएवढा, चपटा, गोलसर आणि तोंड अगदी लहान. इलिनॉय राज्याचा तो राज्यमासा आहे. दुसरा क्रॅपी. त्याचं तोंड मोठं, पण ओठांजवळची कातडी इतकी पातळ की तिकडचे लोक त्याला 'कागदी तोंडाचा' म्हणतात. जोरात हिसका दिला की तोंड फाटतं आणि मासा जातो. तिसरा पिवळा पर्च. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत हिवाळ्यात तळी गोठतात, तेव्हा लोक बर्फाला भोक पाडून त्यातून हे मासे काढतात.

आता मुद्द्याचं. ब्लूगिल मोठ्या माशासारखा झडप घालत नाही. तो भक्ष्याजवळ येतो, समोर थांबतो, निरखतो, आणि मग तोंड झटकन उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. त्याचं रोजचं खाणं म्हणजे पाण्यातले किडे, अळ्या आणि अगदी बारीक कवचाचे जीव. त्याची ओढ तोंडाजवळच्या थोड्याशा पाण्यावरच चालते. गरी हलकी असेल तर पाण्याबरोबर सरळ तोंडात जाते. जड असेल तर जागची हलत नाही, किंवा मासा निरखत असतानाच खाली निघून जाते. अळी काही दगडासारखी बुडत नाही, हे माशाला आपल्याहून चांगलं कळतं.

म्हणून हे जिग इतके हलके. वजन तिकडे औंसाच्या अपूर्णांकात सांगतात. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. आपल्या हिशोबानं असं:

– औंसाचा बत्तिसावा भाग: ०.८९ ग्रॅम
– चौसष्टावा भाग: ०.४४ ग्रॅम
– ऐंशीवा भाग: ०.३५ ग्रॅम
– शंभरावा भाग: ०.२८ ग्रॅम

०.४४ ग्रॅम म्हणजे तांदळाचे वीसएक दाणे. एक रुपयाच्या नाण्याच्या वजनात असे सहा-सात जिग सहज बसतील. पागाच्या गोळ्या हाताळणाऱ्या माणसाला हे वजन म्हणजे वाराच वाटणार.

आमची चूक

आम्ही विचार केला, मण्यात काय मोठं? शिसं वितळवायचं आणि आकड्यावर ओतायचं. पागाच्या गोळ्या आपण वर्षानुवर्षं घरीच ओततो. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, त्यावर जुनी कढई, आत तुटक्या गोळ्या आणि जुन्या बॅटरीतलं शिसं. पोरं बाजूला उकिडवी बसून बघत होती. शिसं पातळ झालं की आरशासारखं चमकतं, ते बघायला कुणाला आवडत नाही?

जिग काही जमले नाहीत. आमच्या साच्यातून निघाले ते तीन-चार ग्रॅमचे गोळे. खाडीत सोडले की सरळ तळाच्या चिखलात. पण ते नुकसान किरकोळ होतं.

त्याच महिन्यात त्या घरातली दोन वर्षांची नात सारखी किरकिर करायला लागली. जेवण सुटलं, पोट दुखायचं, चेहरा पांढरा पडला. आजीनं दृष्ट काढली, जंताचं औषधही देऊन झालं. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं आणि विचारलं, "तुमच्या घरात कुणी शिसं हाताळतं का? जुन्या बॅटऱ्या, सोल्डर, असं काही?"

काका म्हणाले, "आम्ही मासेमारी करणारे. पागाच्या गोळ्या करतो. पण त्या अंगणात करतो, घरात नाही."

डॉक्टर म्हणाले, "पोर खेळतं कुठं?"

काकांना उत्तर सुचेना. पोर खेळत होतं ते त्याच अंगणात.

रक्ताच्या तपासणीत शिसं जास्त निघालं. ओतकाम त्या दिवसापासून बंद. चुलीजवळची माती वरवर खरवडून पिशवीत बांधली आणि घरापासून लांब नेली. घरातली जमीन झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसून काढली. सांगितल्याप्रमाणे पुन्हा पुन्हा तपासण्या केल्या. पोर आता ठीक आहे, आकडा खाली आलाय. पण मधले महिने त्या घरानं कसे काढले ते आम्ही जवळून पाहिलं. पागाच्या गोळ्या काही आपण कालपासून ओतत नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांत किती पोरांची पोटं अशीच दुखली असतील, आणि आपण जंत म्हणून सोडून दिलं असेल, हे कोण सांगणार?

शिसं काय करतं

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. साध्या लाकडाच्या चुलीवर ते सहज होतं, म्हणून तर घरोघर ते वितळवलं जातं. वितळताना वर साय येते, ती काढली की तिची भुकटी उडते. भुकटी हाताला, कपड्याला, अंगणातल्या मातीला लागते. पोर मातीत खेळतं आणि बोट तोंडात घालतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: अमुक इतकं शिसं शरीरात चालतं, अशी सुरक्षित पातळी कुठलीच नाही. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. त्याचा घाव वाढत्या मेंदूवर पडतो. ते हाडांत साठून राहतं, आणि आईच्या अंगातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. पोर नुसतं मंद किंवा चिडचिडं वाटतं.

हा झाला माणसांचा हिशोब. पाखरांचा तिकडे आधीच झालाय. इंग्लंडमध्ये राजहंस तळाशी पडलेल्या शिशाच्या बारीक गोळ्या खडे समजून गिळायचे आणि विषबाधेनं मरायचे. म्हणून ब्रिटननं १९८७ साली गरीवरच्या शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी आणली. अमेरिकेच्या ईशान्येला लून नावाचा पाणपक्षी आहे, त्याच्या मरणामागे शिशाचे जिग आणि गोळ्या हे मोठं कारण निघालं. न्यू हॅम्पशायर राज्यात १ जून २०१६ पासून एक औंस आणि त्याहून हलके शिशाचे जिग विकायला आणि गोड्या पाण्यात वापरायला बंदी आहे. म्हणजे पुतण्याच्या डबीतले जिग शिशाचे असते तर त्या राज्यात ते चालले नसते. पण त्याचे जिग शिशाचे नव्हतेच. हे आम्ही त्याला विचारलं मात्र फार उशिरा.

मग मणी कशाचा?

तिकडचे बरेच लोक आता टंगस्टनचा मणी घेतात. टंगस्टन शिशापेक्षा खूप जड. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३. तेवढ्याच वजनाला मणी लहान होतो आणि झपकन खाली जातो, म्हणून बर्फातल्या खोल मासेमारीत त्याला मागणी आहे. पण तो महाग पडतो, आणि घरी ओतायचा म्हटलं तर वितळायला ३,४०० अंशांच्या वर तापमान लागतं. तो तयारच घ्यावा लागतो.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ०.४४ ग्रॅमचा भरीव गोल मणी शिशाचा केला तर जाडी येते ४.२ मिलिमीटर. टंगस्टनचा ३.५ मिलिमीटर. आणि साध्या पितळेचा ४.६ मिलिमीटर. शीस आणि पितळ यांत अर्धा मिलिमीटरसुद्धा फरक नाही! तेवढ्यासाठी आपण कढई चढवत होतो.

वर आपल्याला गरी हळूच बुडवायची आहे. हळू बुडवायचंच असेल तर सगळ्यात जड धातूचा हट्ट कशाला? या कामाला हे मणी चालतात:

– पितळी मणी. दागिने ओवायच्या सामानाच्या दुकानात मिळतात. घेताना हातात तोलून बघा, पुष्कळदा वरून पितळ आणि आत प्लॅस्टिक असतं. काही पितळात थोडं शिसं मिसळलेलं असतं, म्हणून मणी दातात धरायचे नाहीत आणि पोरांच्या हाती द्यायचे नाहीत.
– स्टेनलेस स्टीलचे मणी. थोडे हलके, पण खाऱ्या पाण्यात टिकतात.
– काचमणी. मंगळसूत्रात ओवायला मिळतात तसलेच काळे मणी. काच अगदी हलकी, त्यामुळे गरी पाण्यात तरंगत तरंगत खाली जाते. उथळ, संथ पाण्यात हाच मणी आम्हाला सगळ्यात जास्त आवडला.

बांधायची कशी

सामान: १० किंवा १२ नंबरची गरी (नंबर मोठा तशी गरी लहान, हे तुम्हाला माहीत आहेच), मणी, बारीक पण मजबूत पॉलिएस्टर दोरा, कोंबडीची मऊ पिसं, शेनील म्हणजे क्राफ्टच्या दुकानातली केसाळ दोरी, कात्री आणि नेलपॉलिश. गरी धरायला तिकडे खास छोटा वाइस असतो. आम्ही टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेल्या पकडीवर काम भागवलं.

शेपटीसाठी तिकडे माराबू वापरतात. माराबू हा खरं तर एक करकोचा. पूर्वी त्याची पिसं वापरायचे, आता त्याच नावानं टर्कीची मऊ पिसं विकली जातात. आपल्याकडे कोंबडीच्या पिसाच्या बुडाशी कापसासारखा भाग असतो, तो चांगला चालतो. पिसं साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवून घ्या. रानपाखरांच्या पिसांच्या वाटेला जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल, आणि त्यांची गरजही नाही.

१. गरीच्या टोकामागचा काटा पकडीनं हलकेच दाबून सपाट करा. त्याशिवाय मणी वळणावरून पुढे सरकत नाही. शिवाय लहान मासा सोडायचा असेल तर तो जखम न होता सुटतो.

२. मणी टोकाकडून ओवून डोळ्यापर्यंत न्या. भोकाची एक बाजू मोठी असेल तर ती मागे, टोकाच्या दिशेला राहू द्या.

३. गरी पकडीत बसवा. मण्याच्या मागे दोऱ्याचे दहा-बारा वेढे एकमेकांना चिकटून द्या, म्हणजे मणी हलणार नाही. मग दोरा गरीच्या दांड्यावरून वळणापर्यंत मागे न्या.

४. पिसाची बारीक चिमूट घ्या. बोट ओलं केलं की ती उडत नाही. शेपटीची लांबी गरीच्या दांड्याएवढी, फार तर दीडपट. पाच-सहा घट्ट वेढ्यांनी बांधा. लांब झाली तर कात्री लावू नका, टोकं नखानं चिमटून तोडा. कात्रीनं शेपटी झाडूसारखी बोथट होते आणि पाण्यात नीट हलत नाही.

५. शेनीलच्या टोकाचे केस नखानं काढून आतला दोरा उघडा करा. तो शेपटीच्या बुडाशी बांधा. आता आपला दोरा पुढे मण्यापर्यंत आणा.

६. शेनीलचे वेढे एकाला एक लावून मण्यापर्यंत आणा. इतक्या लहान गरीवर चार-पाच वेढे पुरे. मण्यामागे दोऱ्यानं बांधून उरलेलं कापा.

७. तीन-चार अर्ध्या गाठी मारा, दोरा कापा, गाठीवर नेलपॉलिशचा एक थेंब लावा. डोळ्यात गेलं तर ओलं असतानाच सुईनं काढा. रात्रभर वाळू द्या.

सगळ्यांची पहिली चूक एकच: सामान जास्त होतं. जाड शेपटी, दोनदा गुंडाळलेलं शेनील, मग ती गरी न राहता बाटली धुवायचा ब्रश होतो. अगदी बारीक गरीला तर शेनील नकोच, नुसत्या रंगीत दोऱ्याचं अंग करा. थोडकं तेच बरं.

आणखी एक बघितलं. जाळी विणणारे आम्ही पुरुष या कामात मागे पडलो. पटापट शिकल्या त्या घरातल्या बायका. अबोलीची फाती करणाऱ्या बोटांना दोरा किती ओढायचा हे सांगावं लागत नाही. काकींनी तिसऱ्या दिवशी काकांची गरी उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, "ही गरी की भिजलेला उंदीर?" तेव्हापासून बांधायचं काम काकींकडे, आणि काका मणी ओवतात.

पाण्यात टाकताना

हलकी गरी जाड तंगुसावर चालत नाही. तंगूसच तिला धरून ठेवतो, ती ना लांब जाते ना नीट बुडते. तिकडे दोन ते चार पौंडांचा, म्हणजे साधारण एक-दोन किलो ताण घेणारा बारीक तंगूस वापरतात. तो बांधताना घट्ट गाठीऐवजी सैल फासाची गाठ मारतात, त्यामुळे गरी मोकळी डुलते.

गरी दूर टाकायला वर लहानसा फ्लोट लावतात. वजन फ्लोटचं, काम गरीचं. टाकलं की थांबायचं. सगळी कला या थांबण्यातच आहे. गरी हळूहळू बुडताना शेपटीची पिसं आपोआप श्वास घेतल्यासारखी उघड-मीट करतात. मधूनच काठीचं टोक जरासं हलवायचं, की पुन्हा थांबायचं. क्रॅपीसाठी गरी माशांच्या थव्याच्या थोडी वरच ठेवतात, कारण तो वर बघत खातो. कधी कधी तो गरी घेऊन वर उठतो, तेव्हा फ्लोट बुडायच्या ऐवजी आडवा पडतो. नवा माणूस फ्लोट बुडायची वाट बघत बसतो, आणि मासा गरी थुंकून निघून जातो.

आम्ही काकींच्या गऱ्या खाडीच्या काठाला, पावसानं उघडीप दिली तेव्हा टाकून बघितल्या. ब्लूगिल आपल्याकडे नाही, पण लहान तोंडाचे, निरखून खाणारे मासे आहेत. पहिले दोन दिवस काहीच नाही. पाणी पावसानं गढूळ होतं आणि आमच्या गऱ्या पांढऱ्या. काळा काचमणी आणि पिवळी शेपटी केली, तेव्हा तळहाताएवढा तामसो लागला, मग एक छोटा गोबरो. दोघांनाही परत सोडलं, तेवढ्या वयाचे धरून काय करणार? काका मात्र काही बोलले नाहीत. नुसते गरीकडे बघत राहिले.

खाऱ्या पाण्यात वापरलेली गरी घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन पुसून ठेवा. एवढ्या बारीक तारेला गंज चढायला एक रात्र पुरते.

विद्या आणा, मासा नको

एक सावधगिरी. हे वाचून कुणाला तो ब्लूगिल आपल्या तळ्यात सोडावासा वाटला तर जपानची गोष्ट ऐका. १९६० साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेला गेले होते. शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. खाण्यासाठी वाढवता येतील म्हणून ते जपानला नेले. पुढे ते तळ्या-सरोवरांत पसरले आणि तिथल्या मूळ माशांना भारी पडले. २००७ साली सम्राट असताना अकिहितोंनी स्वतः याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आपल्याकडच्या तळ्यांत तिलापी कसा पसरला, हे वेगळं सांगायला नको. बाहेरची विद्या घ्यावी, मासा घेऊ नये.

आता आपल्या अंगणाकडे

ही गरी शिकून आपलं पोट भरणार आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तिनं आम्हाला एक प्रश्न विचारायला लावला: इथे खरंच शिसं लागतं का? छोट्या गरीला तर अजिबात नाही, हे आम्ही करून पाहिलं. पागाला आणि जाळ्याला आज तरी वजन लागतंच, एका दिवसात ते बदलणार नाही. पण शिसं घरात वितळवणं उद्यापासून बंद करता येईल. म्हणून हात जोडून सांगतो:

– शिशाच्या गोळ्या तयार विकत घ्या. घरी, अंगणात, मागच्या दारी ओतू नका. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणं तर मुळीच नको, त्यात ॲसिडही असतं. ओल्या साच्यात वितळलेलं शिसं ओतलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते तोंडावर उडतं, आणि पावसाळ्यात साचा कोरडा राहतो कुठं?
– गोळी दातानं दाबून तंगुसावर बसवायची सवय आपल्यात फार जणांना आहे. ती आजच सोडा. पकड वापरा.
– जाळी हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पेजेला बसू नका, विडी ओढू नका, पोराला उचलून घेऊ नका.
– गोळ्या झाकणाच्या डब्यात, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. शिसं वितळवलेली कढई पुन्हा स्वयंपाकात कधीच नाही.
– घरात आजवर ओतकाम झालं असेल आणि लहान पोर किंवा गरोदर बाई असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करायची का ते विचारा. लाजू नका. आम्ही आधी सांगितलं असतं तर त्या पोराचे दोन महिने वाचले असते.
– पोरांना नाचणी, पालेभाज्या, काट्यासकट खायची बारीक मासळी द्या. अंगात लोह आणि कॅल्शियम भरपूर असलं की शिसं कमी शोषलं जातं. हा उपचार नव्हे, आधार आहे.

काकांच्या मागच्या अंगणात आता चूल नाही. तिथे टेबल आहे, पकड बसवलेली, आणि संध्याकाळी काकी चष्मा लावून तिथे बसतात. नात बाजूला बसून पिसं फुंकून उडवते. मणी मात्र काकींनी वरच्या फळीवर ठेवलेत.

तुम्ही कुणी अशी गरी बांधली तर फोटो पाठवा. भिजलेला उंदीर झाला तरी पाठवा, काकी सांगतील काय चुकलं. आणि घरी शिसं ओतत असाल तर तेही मोकळेपणानं लिहा. कुणी नावं ठेवणार नाही, आपण सगळेच ओतत होतो.

दर्या शांत होईपर्यंत घरच्यांना सांभाळा.